काडीचा घोटा

मापवाल्या बाईंनी काडीच्या उजव्या पायातला तिसरा मोजा ओढून काढला, चिमटीत धरून उंच केला आणि तिच्या आईकडे पाहिलं.

“अजून आहेत, की संपले?”

“तीनच,” आई म्हणाली. “बूट जरा मोठे होतात तिला.”

“जरा?” बाईंनी खाली पडलेला जुना स्केट उचलला, त्यात हात घातला आणि आतल्या आत बोटं वाजवून दाखवली. “यात एखादं मांजर बिऱ्हाड करेल.”

काडी फिसकन हसली. आईनंही हसल्यासारखं केलं.

दुकान बर्फावरच्या हॉकीच्या रिंकच्या भिंतीला लागूनच होतं, लांब आणि अरुंद. एका बाजूला छतापर्यंत खोकी, दुसऱ्या बाजूला हॉकीच्या काठ्या आणि अगदी टोकाला धार लावायचं यंत्र. मधल्या बाकावर बसलं की भिंतीपलीकडून बर्फावर घासणाऱ्या पात्यांचा आवाज यायचा, आणि खेळातली रबरी चकती फळीवर आदळली की खोकी थरथरायची. बाईंना कुणीच नावानं ओळखत नव्हतं. तीस-पस्तीस वर्षं त्या चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांची मापं घेत होत्या, म्हणून मापवाल्या बाई. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे त्या फारसं पाहत नसत. पाय पाहिला की माणूस कळतो, असं त्या म्हणायच्या आणि ते अशा सुरात म्हणायच्या की वाद घालायची कुणाची छाती होत नसे.

“उभी राहा. अनवाणीच. दोन्ही पायांवर सारखा भार दे.”

काडी उभी राहिली. तेरा वर्षांची, नावाला शोभेल अशी, सगळी उंची गुडघ्यांखालीच गेलेली. बाईंनी वाकून तिच्या टाचेला मागून हात लावला, घोटा दोन बोटांत धरून हलवून पाहिला. आई खोक्यांवरचे नंबर वाचू लागली.

आईचं काम बांधकामावरचं होतं. ओळंबा सोडून भिंती तपासण्यात तिची वीस वर्षं गेली होती आणि अर्ध्या बोटाचा कल तिला लांबूनही दिसायचा. गवंडी तिला वचकून असत. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी, काडीच्या पहिल्याच सामन्यात, बाकीचे आईबाप टाळ्या पिटत असताना तिला मात्र भलतंच काहीतरी दिसलं. वळताना काडीचा उजवा घोटा कलत होता. एकदा नाही, दर वळणाला.

तसा कललेला घोटा तिनं आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता. तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे काडीच्या मामाचा. पंधराव्या वर्षी त्याचा आधी उजवा पाय कलायला लागला, मग डावा. पायांच्या नसा हळूहळू वाळवत नेणारा आजार होता तो, आणि रक्तातून येणारा. आता चाळिशीत मामाच्या खुर्चीला चाकं होती आणि जिभेला हाड नव्हतं. काडीला काडी हे नाव त्यानंच ठेवलेलं.

आईनं काडीला डॉक्टरांकडेही नेलं होतं. शाळेनं तपासणी सांगितली आहे, अशी थाप मारून. डॉक्टरांनी गुडघ्यांवर ठोकलं, तळव्यांना टोचलं, टाचांवर चालवलं आणि म्हणाले, “सध्या तरी काही दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा आणा.” भावाच्या वेळी पहिल्या डॉक्टरांनी अगदी हेच सांगितलं होतं. ते ‘सध्या तरी’ तेव्हापासून आईबरोबर रोज कामावर जायचं आणि रोज घरी यायचं. नवऱ्याला तिनं काही सांगितलं नव्हतं. भावाला तर नाहीच नाही.

शेवटी कोचच म्हणाले, घोटे कच्चे वाटतायत, आधी बूट बदलून बघा. बूट मामाचे होते. कपाटात कशाला कुजवायचे म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं दिलेले, पंचवीस वर्षांपूर्वीचे, पण एक टाका उसवलेला नाही. असल्या दणकट बुटांत खोट असेल हे आईच्या मनातही आलं नाही. कोचला नाही म्हणता येईना म्हणून ती आज आली होती. नव्या, मापाच्या बुटातही घोटा कलला, तर सहा महिने वाट बघायची गरजच उरणार नव्हती.

“मला ते हवेत,” काडीनं फळीवरच्या चंदेरी-निळ्या जोडीकडे बोट दाखवलं.

“पायाला विचारलंस?”

“पायालाही तेच हवेत.”

बाईंनी निमूट ती जोडी काढून तिच्या पायात चढवली, लेस आवळली आणि टाच उचलायला सांगितली. टाच बुटाच्या आत बोटभर वर आली.

“पाय नाही म्हणतोय,” बाई म्हणाल्या आणि जोडी खोक्यात गेली.

आईनं घसा साफ केला. “थोडे मोठेच घ्यावेत म्हणते मी. वाढतं अंग आहे. पुढे अंगठाभर जागा ठेवली तर दोन हिवाळे तरी निघतील. आणि जाड असू देत, टिकतील असे.”

“फ्रॉक घेताय का?” बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. “शाळेत जायचे बूट घ्या हवे तेवढे मोठे. स्केट चालायच्या बुटापेक्षा दीड नंबर लहान लागतो. बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, दुमडायची नाहीत. गुडघे वाकवले की तीच बोटं मागे सरकली पाहिजेत. आणि टाच हलता कामा नये, काय वाटेल ते झालं तरी. टाच हलली की पाय आतल्या आत धडपडतो, मग मुलं लेस करकचून बांधतात, मग नडगीखाली वळ उठतात, आणि आया म्हणतात, आमचं पोर नाजूक आहे.”

“आणि टिकाऊपणा?”

“जाड म्हणजे टिकाऊ नव्हे. नीट बसलेला बूट टिकतो. ढिला बूट पायालाही खातो आणि स्वतःलाही.”

दुसरी जोडी इतकी कडक निघाली की बाईंनीच ती काढून घेतली. मोठ्या बाप्यांसाठी आहे, म्हणाल्या, हा वाकवायला हिच्यासारख्या दोघी लागतील. तिसरी काळी होती, करड्या पट्टीची, दिसायला अगदीच साधी. काडीनं नाक मुरडलं. बाईंनी तिच्याकडे लक्ष न देता बुटाची जीभ पुढे ओढली, कानामागची पेन्सिल काढून लेसच्या भोकांवर आडवी टेकवली आणि खाली डोकावून पाहिलं. पेन्सिल दोन्ही कडांवर सपाट बसली. पाय बुटात पुरेसा खोल गेला होता. अस्तराचे टाके त्यांनी नखानं तपासले. पातं झिजलं तर बूट न टाकता नुसतं पातंच बदलता येतं, हे आईला दाखवलं. मग एकाच पातळ मोज्यावर लेस आवळून काडीला उभं केलं.

“टाच?”

“हलत नाही,” काडी म्हणाली. तिच्या आवाजात जरा नवल होतं. “बोटं टेकतायत. आता वाकले... आता नाही टेकत.”

“बघा,” बाई आईला म्हणाल्या.

आई खोक्यांवरचे नंबर वाचत होती. “तुम्ही बघितलंत ना, झालं तर मग,” ती म्हणाली.

बाई तिच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. बूट काढून त्यांनी कोपऱ्यातल्या लहानशा भट्टीत सरकवले आणि झाकण लावलं.

“भाजणार?” काडीचे डोळे मोठे झाले.

“पावासारखे. मऊ पडले की तुझ्या पायात घालायचे, आणि गार होईपर्यंत तू पुतळ्यासारखी बसायचंस. तेवढ्यात बूट तुझा पाय पाठ करतो. जमेल बसायला?”

“किती वेळ?”

“पंधरा मिनिटं.”

“बोललं तर चालतं?”

“बोल. चालू नकोस.”

गरम बूट चढवून, लेस वर न ओढता बाजूला ओढून बाईंनी त्या बांधल्या आणि काडीला बाकाच्या टोकाला बसवलं. काडीनं समोरच्या काठ्या मोजायला घेतल्या. इतका वेळ बाई पायांत गुंतल्या होत्या, पण जुने स्केट त्यांनी नजरेआड होऊ दिले नव्हते. आता ते दोन्ही उचलून त्या गल्ल्यामागच्या दिव्याखाली गेल्या, उलटे करून बराच वेळ पाहिले आणि आईला बोटानं बोलावलं.

“हे कुणाचे?”

“माझ्या भावाचे.”

“त्याचा घोटा कलायचा ना?”

आईच्या हातातली पर्स गल्ल्यावर टेकली. या गावात भावाबद्दल तिनं कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. “कुणी सांगितलं तुम्हाला?”

“यानं,” बाईंनी बूट पुढे केला. “कुठल्या बाजूला कलायचा? आत की बाहेर?”

“म्हणजे?”

“आठवून सांगा. घाई नाही.”

आईला बूट आठवेनात, चपला आठवल्या. दाराशी काढलेल्या भावाच्या चपला. बाहेरच्या बाजूनं टाच झिजून पार कागद झालेली आणि आतली बाजू कोरी करकरीत. चपला नव्या आणल्या तरी महिन्याभरात तीच गत.

“बाहेर,” ती म्हणाली. “बाहेरच्या बाजूला.”

“आणि हिचा?”

दर वळणाला कलणारा तो घोटा तिनं दोन महिने डोळे मिटून आणि उघडून पाहिला होता. दुसऱ्या घोट्याला भेटायला निघाल्यासारखा.

“आत,” ती म्हणाली.

बांधकामावर कुणी धावत येऊन भिंत कललीय म्हणालं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, कुठल्या बाजूला? तो विचारल्याशिवाय ती जागची उठत नसे. आणि स्वतःच्या लेकीच्या पायाला तिनं तो एकदाही विचारला नव्हता. कल दिसला आणि तिथंच तिचं डोकं चालायचं थांबलं होतं.

“इथे बघा,” बाईंनी पेन्सिलीच्या टोकानं दाखवलं. बुटाचा तळ आणि पातं धरणारा सांगाडा यांच्या मधे, बाहेरच्या बाजूनं, एक तपकिरी रेघ होती. नखाएवढी जाड. आतल्या बाजूकडे निमुळती होत ती नाहीशी झाली होती. “हे कारखान्यातलं नाही. कुणीतरी सांगाडा सोडवून मधे चामड्याची पाचर घातलीय. पायाची बाहेरची बाजू उचलून धरायला. ज्याचा घोटा बाहेर पडतो, तो यात सरळ उभा राहतो.”

आईनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

“आता सरळ पायाचं माणूस यात उभं करा.” बाईंनी आपला पंजा आडवा धरला आणि बाहेरची कड वर उचलली. पंजा आत कलला. “तुमच्या भावासारखा पाय असता ना, तर ही पोरगी या बुटात खांबासारखी ताठ उभी राहिली असती. आणि तेव्हा तुम्ही काळजी करायला हवी होती. ती वाकडी उभी राहत होती, कारण तिचा पाय सरळ आहे.”

आईनं गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली.

“मी डॉक्टर नाही,” बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. “डॉक्टरांनी बोलावलं असेल तर जरूर जा. पण बूट मला कळतात.”

“बोलावलंय,” आई म्हणाली, “सहा महिन्यांनी,” आणि तिला एकदम रडू फुटलं. रडता रडता हसूही यायला लागलं. दोन महिने छातीवर ठेवलेली धोंड कुणी इतक्या सहज, पेन्सिलीच्या टोकानं ढकलून दिली, याचं तिला हसू येत होतं. बाईंनी भट्टी पुसायचं फडकं पुढे केलं, मग ते मळकं आहे हे बघून मागे घेतलं आणि दुसरं दिलं.

“काम मात्र नामी केलंय,” आईला सावरायला वेळ मिळावा म्हणून बाई पुन्हा बुटाकडे वळल्या. “कड इतकी पातळ तासायला हात लागतो. आणि हे बघा, उजव्यात तीन थर आहेत. तिन्ही चामडी वेगळी. एकदम घातलेले नाहीत, दर वेळी सांगाडा उघडून एकेक वाढवलाय. डाव्यात एकच. स्क्रूही बुटाचे नव्हेत, पितळी, गोल डोक्याचे. असले मी कुठे पाहिले नाहीत.”

“पुस्तकबांधणीचे आहेत,” आई म्हणाली.

असल्या स्क्रूंचा अख्खा डबा घरात होता. तिचे वडील पुस्तकं बांधायचे. जाड नकाशांचे गठ्ठे, वाचनालयातली फाटकी पुस्तकं, लोकांचे फोटोंचे अल्बम. कोपऱ्यांना चढवायचं चामडं ते असंच तासायचे, कड हवेत विरून जाईपर्यंत. तिनं बूट दिव्याजवळ धरला. पहिला थर गडद तपकिरी, दुसरा तांबूस, तिसरा फिका. भावाच्या आजाराचं घरात वसंत ऋतूत कळलं होतं, तो जिन्यावरून पडला तेव्हा. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून पाय असा पडतोय? सगळे एकमेकांकडे पाहत राहिले होते. वडील आपल्या नखांतल्या सरसाकडे पाहत होते.

म्हणजे त्यांना तो सबंध हिवाळा माहीत होतं. बघत होते, एकेक थर वाढवत होते, आणि कुणाला बोलत नव्हते. ते जाऊन आठ वर्षं झाली होती, नाहीतर ती आत्ता त्यांच्यावर चांगलीच चिडली असती. आणि मग तिला वाटलं, आपण तरी काय केलं? आपल्याला तर पाचरही घालता आली नाही.

“पाचर काढून टाकू का?” बाईंनी विचारलं. “दहा मिनिटांचं काम आहे. बूट पुन्हा कुणाच्याही कामाला येतील.”

“नको. राहू दे तशीच.”

“आई!” काडी बाकावरून ओरडली. “झाली का पंधरा मिनिटं? माझा पाय झोपला!”

हे वाक्य काल ऐकलं असतं तर आईचं धाबं दणाणलं असतं. आज तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “मग उठव त्याला.”

बाईंनी काडीला हात देऊन रबरी चटईवर उभं केलं. या वेळी आईनं खोकी वाचली नाहीत. ती काडीच्या मागे गेली, गुडघे टेकून जमिनीवर बसली आणि एक डोळा मिटून पोटरीपासून टाचेपर्यंत, टाचेपासून पात्यापर्यंत पाहिलं. रेघ सरळ खाली उतरत होती. मग डावा पाय. मग पुन्हा उजवा.

“काय बघतेयस एवढं?” काडीनं मान वळवून विचारलं.

“काही नाही. सरळ उभी आहेस.”

“मग काय वाकडी उभी राहू?” काडी म्हणाली आणि आरशात पाहून काळ्या बुटांना एक चंदेरी लेस तरी मिळेल का, याची बाईंशी बोलणी करू लागली.

नवी पाती बोथटच येतात, म्हणून बाईंनी ती यंत्रावर धरून धार लावून दिली आणि वर दम भरला, भाजलेला बूट एक दिवस तसाच ठेवायचा, आज बर्फावर पाऊल टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे. काडीनं शपथ घेतली. घरी जाताना खोकं तिनं मांडीवर घेतलं होतं आणि मामाचे स्केट आईनं.

आईनं भावाला त्या दिवशी फोन केला नाही. डोळ्यांनी बर्फावर पाहिल्याखेरीज तिला बोलायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सराव होता. कठड्याला टेकून तिनं काडीला तीन फेऱ्या मारू दिल्या, डावी वळणं पाहिली, उजवी पाहिली, उलटं जाताना पाहिलं. वळताना दोन्ही घोटे आपापल्या जागी होते. चौथ्या फेरीला तिनं फोन लावला.

“काय ग ताई, सुट्टीच्या दिवशी आठवण? कुठली भिंत पडली?”

“काडीचे पाय ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. सकाळपासून जुळवलेली सगळी प्रस्तावना राहूनच गेली.

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“कोण म्हणालं?”

“मापवाल्या बाई. आणि मी आत्ता समोर बघतेय.”

त्यानं नाक ओढलं.

“तो व्हिडिओ काडीनं पाठवला होता ना, पहिल्या सामन्याचा. मी तो सावकाश करून करून पाहिला. किती वेळा ते विचारू नकोस. मला वाटलं, बुटांबरोबर तेही दिलं मी तिला.”

“बोलला नाहीस.”

“तू कुठे बोललीस?”

बर्फावर कोचनं शिट्टी वाजवली आणि मुली एका रांगेत उभ्या राहिल्या. आईनं त्याला पाचरीचं सांगितलं. घोटा आत आणि बाहेर, हे तिला दोनदा समजावून द्यावं लागलं; तिसऱ्यांदा त्यानंच ते तिला समजावलं, ओळ न ओळ, जणू तीच विसरली होती. मग तिनं पितळी स्क्रूंचं सांगितलं.

“बाबांनी?” तो म्हणाला.

“उजव्यात तीन थर आहेत. डाव्यात एक.”

“थांब, थांब. दर रविवारी ते माझ्याकडून बूट मागून घ्यायचे. पुसून, तेल देऊन ठेवतो म्हणायचे. मी चिडवायचो त्यांना, नुसतं पुसून बूट सुधारतात का हो? आणि सोमवारी घातले की खरंच बरं वाटायचं ग. मी तर मित्रांना सांगायचो, आमच्या बाबांच्या हाताला गुण आहे.”

“होताच की.”

“होताच,” तो म्हणाला, आणि तो हसतोय की रडतोय हे तिला कळेना. तिला स्वतःचंही कळत नव्हतं.

तेवढ्यात रांग सुटली. काडी सगळ्यांच्या पुढे धावली, नव्या धारेवर तिला थांबायचा अंदाज आला नाही आणि ती धाडकन फळीवर जाऊन आपटली. कठडा हादरला.

“काय झालं? कसला आवाज तो?”

“पडली.”

“कशी पडली? ताई, कशी पडली?”

आईनं नीट पाहिलं. काडी बर्फावर फतकल मारून बसली होती, हेल्मेट एका कानावर आलेलं. दोघी मैत्रिणी तिला खिदळत उठवत होत्या आणि त्यातली एक स्वतःच घसरत होती. काडी उठली, मागचा बर्फ झटकला आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुन्हा रांगेकडे निघाली.

“जोरात आली, थांबता आलं नाही, आपटली,” आई म्हणाली. “सगळ्या पडतात तशी पडली.”

“सगळ्या पडतात तशी?”

“अगदी तशीच.”

“आणि घोटा?”

“जागच्या जागी.”

त्याच्या खुर्चीचं चाक करकरलं. खिडकीपाशी गेला असावा.

“परत सांग,” तो म्हणाला. “कशी पडली?”

तिनं पहिल्यापासून परत सांगितलं.